सरकार कसें ओळखावें?

यंदा दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं आठ नातवंडें जमलीं होतीं. फराळाचे डबे तळाला लागले, फटाक्यांचा सोस सरला, आणि मग सुटींतल्या अभ्यासाच्या वह्या नाइलाजानें बाहेर आल्या. आमचा मधला नातू नागरिकशास्त्राचें पुस्तक हातीं घेऊन ओसरीवर येरझारा घालीत पाठ म्हणत होता, "राज्यपद्धतीचे मुख्य प्रकार तीन : राजेशाही, हुकूमशाही व लोकशाही." असें सात-आठ वेळां म्हणून झाल्यावर तो थांबला आणि आमच्यापाशीं येऊन बसला.

"आजोबा, इंग्लंडला राजा आहे ना?"

"आहे. २०२२ सालापासून तिसरे चार्ल्स गादीवर आहेत."

"मग पुस्तकांत इंग्लंड लोकशाहींत कां घातलें आहे? आणि उत्तर कोरियाच्या नांवांत 'लोकशाही' आहे, 'जनता' आहे, 'प्रजासत्ताक'ही आहे. त्याला मात्र हुकूमशाहींत घातलें आहे. पुस्तक चुकलें कीं काय?"

पुस्तक चुकलें नव्हतें. पुस्तकानें नांवें दिलीं होतीं, ओळखण्याची खूण दिली नव्हती, एवढेंच. आणि हा दोष त्या पुस्तकाच्या माथीं मारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. शिक्षक कमी पडत तेव्हां इतिहास-नागरिकशास्त्राचे तासही घेतले. आणि त्या तासांना व्याख्या पाठ करून घेण्यापलीकडे फारसें कांहीं केलें नाहीं. म्हणून त्या दिवशीं सायंकाळीं, दिवेलागण झाल्यावर, आठही मुलांना भोंवतीं बसवून हा विषय पुन्हां एकवार मांडून पाहिला. वाचकांच्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां निघणारच. तेव्हां त्या बैठकींत काय सांगितलें आणि तींत आम्हीं स्वतः काय शिकलों, तें येथें देत आहों.

प्रथम प्रश्न असा, कीं सरकार हवेंच कशाला? धाकट्या नातवानें सांगून टाकलें, "नसलें तर बरें होईल. शाळा बंद!" त्याला आम्हीं उन्हाळ्यांतल्या नळाची आठवण दिली. नळाला पाणी एक तास येतें आणि भरणारीं घरें वीस आहेत. रांगेचा नियम नसेल तर कोणाची घागर आधीं भरेल? तो म्हणाला, "ज्याचें कोपर जोरांत लागेल त्याची." यालाच आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं मात्स्यन्याय असें नांव दिलें आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, आणि त्याला विचारणारा कोणी नसतो. ही स्थिति टळावी म्हणून माणसांनीं दंड कोणाच्या तरी हातीं दिला, हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही सांगितलें आहे.

पण दंड हातीं दिला म्हणजे काय काय दिलें? येथें आम्हीं मुलांना अंगणांतला त्यांचाच क्रिकेटचा डाव आठवावयास सांगितला. कोणत्याही डावांत कामें तीन असतात. चेंडू तुळशीवृंदावनाला लागला तर गडी बाद, असा नियम कोणी तरी ठरवितो. त्या नियमाप्रमाणें कोणी तरी डाव चालवितो. आणि तंटा पडला म्हणजे कोणी तरी निवाडा देतो. सरकारचींही कामें हींच तीन : कायदा करणें, कारभार करणें आणि न्याय देणें. एवढें बोलून आम्ही पुढें जाणार, तोंच दोघां-तिघांनीं एकदम तक्रार केली, "काल नियम दादानें केले, कप्तान दादा होता, आणि पंचही दादाच! तो एकदांही बाद झाला नाहीं." दादा लाल झाला. फ्रान्समधील माँतेस्क्यू या पंडितानें १७४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत हीच गोष्ट सांगितली आहे. हीं तीन कामें एकाच हातीं गेलीं, कीं इतरांचें स्वातंत्र्य उरत नाहीं. मुलांना मात्र ती माँतेस्क्यूच्या आधीं दादानें शिकविली होती.

आतां प्रकारांकडे वळूं. ही वर्गवारी फार जुनी आहे. ग्रीस देशांतील अॅरिस्टॉटल व त्याचे शिष्य यांनीं १५८ राज्यांच्या घटनांचीं वर्णनें जमविलीं होतीं असें म्हणतात. त्यांपैकीं अथेन्सविषयींचें तेवढें आज बव्हंशीं उपलब्ध आहे. तें मिसर देशांत जुन्या कागदांवर सांपडलें आणि १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. अॅरिस्टॉटलनें विचारलें, सत्ता एकाच्या हातीं आहे, थोड्यांच्या कीं पुष्कळांच्या? आणि ती सर्वांच्या हितासाठीं चालते कीं सत्ताधाऱ्यांच्या? तीन दुणे सहा असे प्रकार त्यानें केले. विभागणी नामी आहे. पण अडचण अशी, कीं आपण स्वतःच्या हितासाठीं राज्य करतों असें कोणताही सत्ताधारी बोलून दाखवीत नाहीं. म्हणून मुलांच्या सोयीसाठीं आम्हीं तीन साधे प्रश्न केले आणि ते पाटीवर लिहून दिले :

पहिला : सत्ता खरोखर कोणाच्या हातीं आहे?

दुसरा : ती त्याला कशी मिळाली?

तिसरा : ती त्याच्याकडून काढून घेतां येते काय, आणि रक्त न सांडतां येते काय?

पुस्तकांतल्या नांवाकडे न पाहतां हे तीन प्रश्न विचारावे, म्हणजे सरकार आपोआप ओळखूं येतें.

एकाच्या हातच्या सत्तेपासून आरंभ केला, कारण मराठी मुलाला राजा म्हटला कीं छत्रपति शिवाजी महाराज आठवतात. १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, तेव्हां अष्टप्रधानांची व्यवस्था महाराजांनीं पक्की केली. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापति, सुमंत, न्यायाधीश आणि पंडितराव अशीं कामें वांटून दिलीं. राजा एकटा, पण कारभार वांटलेला. सत्ता महाराजांच्या हातीं होती. ती त्यांनीं पराक्रमानें मिळविली. आणि ती रयतेच्या सुखासाठीं वापरली. "मग राजेशाही वाईट कशी?" असा प्रश्न मोठ्या नातीनें केला. प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हांला शंभर वर्षें पुढें जावें लागलें.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली, दोष प्रत्यक्ष पेशव्यांच्या पदरीं घातला, आणि या पातकाला देहान्त हेंच प्रायश्चित्त असें त्यांच्या तोंडावर सांगून ते पुणें सोडून गेले, अशी कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ती सांगतांना आपला ऊर भरून येतो, आणि तो यावाच. परंतु या वेळीं आम्हीं मुलांना पुढचा प्रश्न विचारला. निवाडा झाला, मग काय झालें? शिक्षा कोणी दिली? कोणीच नाहीं. निवाडा देणारा घर सोडून गेला आणि ज्याच्याविरुद्ध निवाडा झाला तो गादीवर राहिला. कारभाऱ्यांनीं बारभाईंचें कारस्थान रचलें, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि त्यांतून जें युद्ध उद्भवलें तें १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत पुरलें. एका माणसाला अधिकारावरून दूर करावयास इतकीं वर्षें आणि इतकीं माणसें खर्चीं पडलीं. आमचा तिसरा प्रश्न पाटीवर कां लिहिला, तें मुलांना येथें उमगलें.

शिवाजी महाराजांसारखा राजा मिळणें हें रयतेचें भाग्य. रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश मिळणें हेंही भाग्यच. पण भाग्य वारसाहक्कानें येत नाहीं. आजोबा शहाणे म्हणून नातू शहाणा, असा नियम नाहीं, असें आम्ही बोललों, तेव्हां सर्व मुलांनीं दादाकडे पाहिलें. भाग्यावर न विसंबतां चालेल अशी व्यवस्था करणें, हाच राज्यपद्धतींच्या सगळ्या इतिहासाचा खटाटोप आहे.

इंग्लंडनें ती व्यवस्था हळूहळू केली. १२१५ सालीं सरदारांनीं जॉन राजाकडून सनद लिहून घेतली; १६४९ सालीं तर पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेदच झाला; आणि १६८८-८९ च्या क्रांतीनंतर पार्लमेंटचें वर्चस्व कायम झालें. आज राजा पार्लमेंट उघडतो, कायद्यांना संमति देतो. परंतु सत्ता कॉमन्स सभेंत बहुमत असलेल्या पंतप्रधानाच्या हातीं असते, आणि मतदार त्याला घरीं पाठवूं शकतात. जपानच्या सम्राटाचेंही स्थान १९४७ च्या घटनेनें असेंच केवळ मानाचें ठरविलें. आपल्या शेजारीं भूतानांत राजानें स्वतःच पुढाकार घेऊन २००८ सालीं घटना व निवडणूक आणली. आणि त्याच सालीं नेपाळनें राजेशाही अजीबात रद्द करून प्रजासत्ताक पुकारलें. उलट उत्तर कोरियांत १९४८ पासून आजोबा, मग मुलगा, मग नातू अशी सत्ता चालत आली आहे. नांवांत लोकशाही, पण वारसा गादीचा. मधल्या नातवाचें समाधान झालें. तो म्हणाला, "म्हणजे इंग्लंडांत राजा आहे, राजेशाही नाहीं; आणि कोरियांत राजा नाहीं, पण राजेशाही आहे!" याहून चांगलें उत्तर आम्हीं उत्तरपत्रिकांत पाहिल्याचें स्मरत नाहीं.

येथें धाकट्यानें विचारलें, "मग आपल्या घरांत कोणतें सरकार?" मुलांनीं पाटीवरचे प्रश्न लावले. पाट मांडतांना मधला पाट आजोबांचा, नमस्कार पहिला आजोबांना. पण किल्ल्या आजीच्या कमरेला, आणि महिन्याचा हिशेब धाकट्या काकूच्या वहींत. तेव्हां इंग्लंडप्रमाणें आजोबा हे नांवाचे राजे, असा निकाल लागला. स्वयंपाकघरांतून हंसण्याचा आवाज आला. आम्हींही हंसून घेतलें. परंतु या निकालाला पुढें धक्का बसावयाचा होता.

थोड्यांच्या हातच्या सत्तेला व्हेनिस नगरीचें उदाहरण चांगलें. तेथें राजा नव्हता. डोज नांवाचा प्रमुख निवडून येई. पण निवडणारे कोण? १२९७ सालीं तेथील महासभेचें दार ठराविक घराण्यांपुरतें जवळजवळ बंद करण्यांत आलें, आणि पुढें पांच शतकें, १७९७ सालीं नेपोलियननें तें राज्य बुडवीपर्यंत, तींच घराणीं कारभार पाहत राहिलीं. आपल्या देशांतही एक उदाहरण आहे, आणि तें आपल्यासारख्या कुटुंबांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. तमिळनाडूंतील उत्तरमेरूर या ब्राह्मणांच्या अग्रहारगांवीं चोळराजा परांतक याच्या वेळचे, सुमारें ९२० सालचे, शिलालेख आहेत. गांवचे तीस भाग पाडून प्रत्येक भागांतल्या पात्र माणसांचीं नांवें ताडपत्रांवर लिहून घड्यांत टाकावीं आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढवावी, असा नियम होता. वय पस्तीस ते सत्तर असावें. ज्यानें मागच्या कामाचा हिशेब दिला नाहीं त्याला, इतकेंच नव्हे तर त्याच्या जवळच्या नातलगांनाही, उभें राहतां येऊं नये! हजार वर्षांपूर्वीं हिशेबाचा हा कडकपणा पाहून कौतुक वाटतें. पण त्याच लेखांत जमीन व स्वतःचें घर असण्याची अट आहे, वेदाध्ययनाची अट आहे. स्त्रियांचें व शेतांत राबणारांचें नांव त्या घड्यांत पडत नव्हतें. अथेन्सच्या प्रसिद्ध लोकसभेंतही स्त्रियांना, गुलामांना आणि परक्यांना स्थान नव्हतें. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगावा. मात्र घड्यांत कोणाचीं नांवें नव्हतीं, हेंही मुलांना त्याच दमांत सांगावें.

हुकूमशाहीविषयीं मुलांची समजूत अशी होती, कीं हुकूमशहा नेहमीं तोफा घेऊन येतो. तसा तो येतोही. पण कित्येकदां पुढच्या दारानें, रीतसर, नमस्कार करीत येतो. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजीं जर्मनीचा चॅन्सेलर झाला तो कायद्याप्रमाणें नेमला जाऊन. २३ मार्च रोजीं संसदेनें कायदे करण्याचा अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. आणि १४ जुलैपर्यंत त्याच्या पक्षाखेरीज दुसरा पक्ष कायद्यानें उरला नाहीं. सहा महिन्यांच्या आंत तो ज्या दारानें आंत आला तें त्यानें आंतून बंद केलें. दुसरें उदाहरण आपल्या गोव्याचें. पोर्तुगाल १९१० सालापासून प्रजासत्ताक म्हणविलें जाई. पण १९३२ सालीं सालाझार पंतप्रधान झाले ते १९६८ पर्यंत त्या पदावर होते. गोव्यांत छापण्यापूर्वीं मजकूर तपासून घ्यावा लागे आणि सभेला बंदी असे. १८ जून १९४६ रोजीं मडगांवीं डॉ. राममनोहर लोहिया यांनीं ती बंदी मोडली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. खुद्द पोर्तुगालच्या लोकांना मात्र त्या राजवटींतून सुटण्यास २५ एप्रिल १९७४ ची वाट पाहावी लागली.

आणि आपणही फार फुशारकी मारूं नये. २५ जून १९७५ रोजीं आपल्या देशांत आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांवर नियंत्रण आलें, कांहीं पत्रांनीं अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केला. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. घरीं वडील माणसें दार लावून हळू आवाजांत बोलत, तें अजून आठवतें. मार्च १९७७ मध्यें निवडणूक झाली आणि तें सरकार मतपेटीनें गेलें. दार बंद झालें होतें, पण कडी लोकांच्या हातीं शिल्लक होती.

पुष्कळांच्या हातच्या सत्तेचा सर्वांत सरळ प्रकार पाहावयाचा असेल तर स्वित्झर्लंडांतील ग्लारुस या परगण्यांत जावें. तेथें वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, मतदार उघड्या चौकांत जमतात, बोलतात आणि हात वर करून कायदे ठरवितात. २००७ सालीं याच सभेनें मतदानाचें वय सोळावर आणलें, हें ऐकून आमच्या मोठ्या नातीनें तेथें बिऱ्हाड करण्याचा विचार बोलून दाखविला. पण त्याच देशांत स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकींत मत मिळाले तें १९७१ सालीं. आणि आपेन्त्सेल इनररोडन या परगण्यांतील पुरुष-मतदार तर इतके हटून बसले, कीं १९९० सालीं न्यायालयाला निकाल देऊन तेथील स्त्रियांना हक्क द्यावा लागला. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० रोजीं घटना अमलांत आली आणि १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर अशा सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी झाली. अक्षर न येणारासाठीं चिन्हें आलीं. पूर्वीं मताचें वय एकवीस होतें. १९८९ पासून अठरा झालें.

एवढी माणसें चौकांत मावत नाहींत, म्हणून प्रतिनिधि निवडावे लागतात. त्यांतही दोन रीती आहेत. अमेरिकेंत अध्यक्ष चार वर्षांसाठीं निवडला जातो. प्रतिनिधिसभा त्याच्यावर नाराज झाली म्हणून तो जात नाहीं, त्याला मुदतीपूर्वीं काढण्यास महाभियोगाची मोठी खटपट लागते. आपल्याकडे पंतप्रधानाला लोकसभेचा विश्वास रोजच्या रोज लागतो. १७ एप्रिल १९९९ रोजीं अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूनें २६९ मतें पडलीं, विरुद्ध २७०. एका मतानें सरकार पडलें! शिपाई आले नाहींत, कीं तोफ वाजली नाहीं. पंतप्रधानांनीं राजीनामा दिला, पुन्हां निवडणूक झाली, आणि लोकांनीं त्यांनाच परत आणलें. रघुनाथरावांना दूर करण्यास जीं वर्षें लागलीं तीं मुलांना आठवत होतीं. तें काम येथें एका दुपारीं झालें.

लोकशाही इतकी गोड लागल्यावर मुलांनीं लगेच मतदान घेतलें : उद्यां सहलीला कोठें जावें? डोंगरावरच्या देवळाला पांच मतें, नदीकांठाला तीन. पांचांनीं टाळ्या पिटल्या. पण त्या तिघांत आमची एक नात होती. तिचा पाय जन्मापासून अधू आहे, आणि डोंगराच्या दोनशें पायऱ्या तिला चढवत नाहींत. ती कांहीं बोलली नाहीं. पाटीवरच्या आंकड्यांकडे पाहत राहिली. आम्हीं मुलांना विचारलें, "मोजणी बरोबर आहे; निर्णय बरोबर आहे काय?" बराच वेळ कोणी बोलेना. मग दादाच म्हणाला, "जी गोष्ट एखाद्याला करतांच येत नाहीं, ती मतानें ठरवूं नये." आपल्या घटनेंत मूलभूत हक्क म्हणून जें प्रकरण आहे, त्याचा अर्थ याहून निराळा नाहीं. बहुमतानें पुष्कळ कांहीं ठरवावें. पण कांहीं गोष्टी बहुमताच्याही हाताबाहेर ठेवाव्या. सहल नदीकांठीं गेली.

शेवटीं आम्हीं मुलांना औंधची गोष्ट सांगितली, कारण ती आपल्या सातारा-सांगलीकडची आहे आणि तिच्यांत राजा व प्रजा दोघेंही दिसतात. औंधचें संस्थान लहान, बहात्तर गांवांचें आणि तेंही तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकलेचे भोक्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांनीं १९३८ सालीं आपली सत्ता प्रजेला देण्याचा मनोदय जाहीर केला. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनीं खटपट केली, महात्मा गांधींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्यें औंधची घटना अमलांत आली. गांवोगांव निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या सभा, आणि वर संस्थानची प्रतिनिधिसभा. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तोंपर्यंत हा प्रयोग चालला. या राजावर कोणी चालून आलें नव्हतें. आपण चांगले आहों एवढ्यावर त्यांनीं प्रजेला विसंबूं दिलें नाहीं. आपल्यामागून येणारा चांगला नसला तरी चालेल, अशी तजवीज केली.

येथें आमचें पुराण संपावयाचें. पण मोठी नात गप्प बसली होती, ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वर्गांत पंच कोण असे?"

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं आम्हांला चष्मा काढून पुसावा लागला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गाची स्नेहसंमेलनाची वर्गणी एका पाकिटांत घालून आम्हीं मेजाच्या खणांत ठेवली होती. मधल्या सुटीनंतर पाकीट नव्हतें. सुटींत वर्गांत एकच मुलगा बसून होता. त्याच्यापाशीं डबा नसे, म्हणून तो बाहेर जात नसे. आरोप आम्हीं केला. पुरावा आम्हींच मानला. निकाल आम्हींच दिला, आणि छडीही आम्हींच मारली. तो "सर, पण मी—" एवढें बोलला. "उलट बोलूं नकोस," असें म्हणून आम्हीं त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभें केलें. चार दिवसांनीं तें पाकीट आमच्याच अमरकोशाच्या प्रतींत, खुणेसाठीं घातलेलें, सांपडलें. आम्हीं वर्गांत जाऊन सांगितलें, 'पाकीट मिळालें.' तें कोठें मिळालें, हें सांगितलें नाहीं. त्याची क्षमा मागितली नाहीं. वर्षअखेर त्याच्या वडिलांनीं गांव सोडलें, आणि तो मुलगा पुन्हां आमच्या दृष्टीस पडला नाहीं. आज तो चाळिशीच्या पुढें असेल.

आम्ही दुष्ट शिक्षक नव्हतों. मुलें आम्हांला भलीं म्हणत, पालक मान देत. रामशास्त्र्यांची गोष्ट आम्हीं त्याच वर्गांत कित्येक वेळां रंगवून सांगितली होती. पण नियम, अंमल आणि निवाडा हीं तिन्ही आमच्याच हातीं होतीं, आणि 'पण' हा शब्द उच्चारण्याची सोय त्या वर्गांत नव्हती. चांगला माणूस एवढ्यानें चुकत नाहीं असें नाहीं. तो चुकला म्हणजे त्याला थांबविणारें मात्र कोणी नसतें.

मुलांना हें सर्व सांगितलें. सांगावें कीं नाहीं, असा विचार मनांत आला होता. कारण घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं आपली चूक मुलांपुढें बोलूं नये, अशा समजुतींत आमची पिढी वाढली. पण त्या रात्रीं इतरांच्या राजांचे दोष सांगून आपलें राज्य झांकणें आम्हांला जमलें नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. अधू पायाची नात सरकत जवळ आली आणि तिनें आमचा हात धरला.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं वहीच्या पानावर एक नियम लिहून ओसरीच्या भिंतीला चिकटविला : 'या घरांत कोणाचेंही म्हणणें ऐकून घेतल्यावांचून त्याला शिक्षा करूं नये. ज्यानें तक्रार केली त्यानेंच निकाल देऊं नये.' खालीं आठ सह्या होत्या. नववी आम्हीं केली. आणि लगोलग पहिला खटला दाखल झाला, तो आमच्यावर! दुपारच्या झोंपेंत व्यत्यय आला म्हणून आम्हीं चार दिवसांपूर्वीं कॅरमचा बोर्ड कपाटांत कुलपांत घातला होता. दंगा कोणी केला हें विचारलें नव्हतें, शिक्षा आठांनाही दिली होती. न्यायाधीश म्हणून सर्वानुमतें आजींची नेमणूक झाली. त्यांनीं दोन्ही बाजू ऐकल्या. दंगा शेजारच्या मुलांचा होता असें निष्पन्न झालें. बोर्ड परत करण्याचा आणि मुलांना शेंगदाण्याची चिक्की आणून देण्याचा हुकूम झाला. हुकुमाची बजावणी त्याच सायंकाळीं झाली. आम्हांला पंधरा दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करतां येईल, असेंही सांगण्यांत आलें. तो आम्हीं केलेला नाहीं.

वाचकांनीं पुढच्या सुटींत आपल्या घरीं हे तीन प्रश्न पाटीवर लिहून पाहावे. देश पुष्कळ आहेत, नकाशा भिंतीवर असतोच. मुलें एकेक देश घेऊन प्रश्न लावूं लागलीं, कीं परीक्षेपुरता अभ्यास आपोआप होतो. मात्र फिरत फिरत तीं आपल्या घरावर येतील. तेव्हां वडील माणसांनीं उठून जाऊं नये, बसून राहावें, एवढीच आमची विनंति आहे.